तेलाच्या हातांची खाच

आर्किटेक्ट साहेब दिघ्याच्या माझ्या वर्कशॉपमध्ये शिरले आणि दारातच थबकले. सुतारी घोडीवर आडवी ठेवलेली दाराची सागवानी चौकट, तिला हळदकुंकू, वर झेंडूची माळ, शेजारी नारळ. आणि ही चौकट जायची होती सिनेगॉगला, म्हणजे यहुदी लोकांच्या प्रार्थनागृहाला.

"मॅडम, हे कोणी केलं?"

कोणी केलं ते उघडच होतं. आमचे हरिश्चंद्र मिस्त्री, करावे गावचे, हात पुसत पुढे आले. "मी केलं. चौकट हाय, पूजेबिगर कशी पाठवाची?" त्यांच्या वडिलांनी कधी पाठवली नव्हती, त्यांनीही नाही. चौकट कुणाच्या दाराची, हा प्रश्न त्यांना पडलाच नव्हता. मी कपाळाला हात लावला. साहेब आधीच माझ्यावर वैतागलेले, त्यात ही भर.

माझं काम जुन्या इमारतींचं लाकूड वाचवण्याचं. हे सिनेगॉग खाडीपलीकडे, रायगडातल्या एका लहानशा गावात आहे. तिथं एकेकाळी बेने इस्रायली यहुद्यांची अख्खी आळी होती. बहुतेकांचे तेलाचे घाणे. शनिवारी घाणा बंद, म्हणून गाव त्यांना शनवार तेली म्हणायचं. बोलायला आपल्यासारखंच मराठी. हळूहळू बरेचसे इस्रायलला गेले, थोडे मुंबईला. आळीचं फक्त नाव राहिलं. ट्रस्टचं काम बघायला उरले सॅम्सनकाका. तेही आता सानपाड्यात, सोसायटीतल्या फ्लॅटमध्ये एकटे राहतात. परदेशी गेलेल्यांनी देणगी पाठवली आणि दुरुस्ती निघाली.

चौकटीचा उजवा खांब वाळवीनं पोखरला होता. चांगलं सागवान बोटानं ठोकलं की टणटण वाजतं, हे बद्द वाजत होतं. खांब बदलायचा, असं ठरलं. पण ठोकत ठोकत खांद्याच्या उंचीवर आले आणि आवाज बदलला. तिथं मेझुझा असायचा. मेझुझा म्हणजे धर्मवचनाची गुंडाळी ठेवलेली बोटभर डबी. आत जाताना तिला हात लावायचा आणि बोटं ओठांना लावायची. डबी काकांनी आधीच काढून घरी नेली होती. तिच्या जागेच्या लगेच खाली लाकडाला एक खाच पडली होती, काळीभोर, गुळगुळीत. पिढ्यान्‌पिढ्या घाण्यावरचे तेलकट हात तिथं लागले होते. माझ्या मते त्या तेलामुळेच असेल, वाळवीनं तेवढा भाग सोडला होता.

तो तुकडा नव्या खांबात बसवू, असं मी साहेबांना म्हटलं. ते म्हणाले, ठिगळ दिसेल, देणगी देणारे पाहुणे येणार आहेत, मला एकसारखं फिनिश हवं. मी काकांना फोन केला. वाटलं, ते तरी बाजू घेतील.  ते म्हणाले, "नवीनच करा हो बाई. हात लावायला आहे कोण आता?"

मला ते फार लागलं. खांब नवा केला, पण तुकडा कापून त्यात बसवलाच. खालीवर सांधे घेतले, कुठेही लपवले नाहीत. बघायचं ते बघून बोला, असं साहेबांना कळवलं. ते काकांना गाडीत घालून आले, तेच नेमके या पूजेच्या मुहूर्तावर.

काका मागून सावकाश आले. चौकटीकडे पाहिलं, मिस्त्रींकडे पाहिलं. मिस्त्रींचा चेहरा उतरला होता. काकांनी खिशातून रुमाल काढला.

"आमच्यात दाराला कुंकू चालत नाही, मिस्त्री. नारळ चालतो. तो द्या मला, मलिद्याला होईल."

मलिदा म्हणजे गोड पोहे, ओलं खोबरं आणि फळं. एलियाहू हन्नबी या त्यांच्या प्रेषिताच्या नावानं नवस फेडताना करतात. मिस्त्रींनी दोन्ही हातांनी नारळ दिला. काका वाकून कुंकू पुसायला लागले. पुसता पुसता हात खाचेपाशी आला, आत गेला आणि बोटं ओठांना लागली. मेझुझा नव्हता. सिनेगॉगही नव्हतं. पत्र्याच्या शेडमध्ये लाकडाचा भुसा उडत होता. काका तसेच उभे राहिले.

"आईला शेवटी दिसत नव्हतं," ते म्हणाले. "मी हाताला धरून आणायचो. खाचेत बोटं गेली की म्हणायची, आलं."

 मिस्त्रींनी माळ काढून बाजूला ठेवली. मला रडू येत होतं, म्हणून मी उगाच पटाश्या आवरायला घेतल्या.

साहेबांनी सांध्यावरून बोट फिरवलं. "पॉलिश मॅच होईल?"

"नाही होणार."

"राहू दे मग."

चौकट बसली. काकांनी डबी आणून जुन्या जागी लावली. पाहुणे आले, गायले, मलिदा खाल्ला, गल्लीत उभं राहून कुणाचं घर कुठं होतं ते एकमेकांना दाखवलं. मग विमानं पकडून परत गेले. काका कुलूप लावून सानपाड्याला आले.

निघताना त्यांनी विचारलं होतं, चौकटीची निगा कशी राखायची. वर्षातून एकदा पॉलिश, वाळवीचं औषध, हे मी सांगितलं. खाचेला मात्र पॉलिश नको. हातांच्या तेलावरच ती टिकली, हात थांबले की कोरडी पडून तडकेल. काका हसले आणि म्हणाले, "म्हणजे रोज यायला हवं."

मी त्या बाजूला कामाला गेले की वाट वाकडी करते. चौकट बाहेरच्या पडवीत आहे, किल्ली लागत नाही. खाचेत बोटं घालते. ओठांना लावत नाही, तो मान माझा नाही. मागच्या वेळी खाच जरा कोरडी लागली.

वाळवीवर औषध मिळतं, मी त्याची गॅरंटीसुद्धा देते. दारात कुणी येत नाही, यावरचं औषध आमच्या धंद्यात अजून कुणाकडे नाही.