अप्पांच्या मानेला कुणी हात लावू नका

मागच्या आठवड्यात आमच्या गाडीला मागून टेम्पोने ठोकलं. रोहा सोडून मुरुडच्या वाटेला लागलो होतो, भर दुपार. अजूनही आरशात मागची गाडी जरा मोठी दिसली की माझे हात गार पडतात...

पालीला बल्लाळेश्वराचं दर्शन घेऊन घरी निघालो होतो. गाडी मी चालवत होते. आईला गाडी लागते म्हणून ती पुढे, आणि मागे अप्पा, म्हणजे माझे वडील. एसटीत ड्रायव्हर म्हणून रिटायर झालेले. मागे मधोमध बसून, दोन सीटच्या मधून डोकं पुढे काढून ते मला गिअर सांगत होते. बेल्ट लावा म्हटलं तर मागे कोण लावतं म्हणाले... आणि मीही सोडून दिलं.

एका वळणावर म्हशी आडव्या आल्या. मी ब्रेक मारला, गाडी थांबली. आरशात पाहिलं तर मासळीच्या रिकाम्या क्रेटनी भरलेला टेम्पो येत होता, आणि त्याचा वेग कमी होत नव्हता. पुढे म्हशी, बाजूला चर... मी स्टिअरिंग घट्ट धरलं आणि डोळे मिटले. दुसरं काही सुचलंच नाही.

आवाज फार मोठा झाला. मग एकदम शांत. आई गणपतीचं नाव घेत होती, तेवढंच ऐकू येत होतं.

मी स्टिअरिंग धरूनच बसून होते आणि अप्पा मात्र दार उघडून खाली उतरलेसुद्धा. एसटीतली सवय. गाडीला धक्का बसला की ड्रायव्हरने आधी सगळ्यांना लागलं का ते विचारून यायचं, मग बाकीचं. आईला विचारलं, मला विचारलं. टेम्पो चालवणारे सलीमभाई आमच्या मुरुडचेच. ते कपाळाला रुमाल दाबून उतरले, त्यांनाही विचारलं. मग झाडाच्या फांद्या ओढत आणून वळणाच्या अलीकडे रस्त्यात टाकल्या, मागच्या गाड्यांना कळावं म्हणून. हे सगळं डाव्या हाताने चाललंय, हे तेव्हा कुणाच्या लक्षात आलं नाही.

अप्पा असे फिरताहेत म्हटल्यावर ते ठणठणीत आहेत, असं आम्ही धरूनच चाललो. मी फोटो काढत होते... नंबर प्लेट, चेपलेली डिकी, टेम्पोचा बंपर. एकीकडे इन्शुरन्सवाल्यांना फोन लावत होते आणि रेंज नव्हती.

सलीमभाईंनी अप्पांना पाण्याची बाटली दिली. ती त्यांच्या हातातून पडली. उचलली, पुन्हा पडली. मग त्यांनी उजवा हात हळूच खिशात सरकवला आणि इकडेतिकडे बघितलं, कुणी पाहिलं तर नाही ना म्हणून. मी पाहिलं होतं.

मी फोन ठेवून त्यांच्याजवळ गेले. विचारलं तर म्हणाले, "मुंग्या आल्यात नुसत्या. मान जरा आवळल्यासारखी हाय."

एव्हाना जवळच्या वाडीतली माणसं जमली होती. त्यातले एक काका पुढे झाले. आमच्याकडे गावोगावी मान, पाठ, लचक बसवून देणारा कुणीतरी असतोच, आणि त्याच्या हाताला गुण आहे यावर आमच्या घरातही सगळ्यांचा विश्वास. आईच म्हणाली, बघा हो जरा यांची मान. अप्पा दगडावर बसले. काकांनी मागे उभं राहून एक हात हनुवटीखाली घातला, दुसरा डोक्यावर ठेवला. एक झटका आणि मोकळं, असं ते सांगत होते...

मला त्यातलं काही कळत होतं असं नाही. फक्त तो खिशातला हात डोळ्यांसमोरून जात नव्हता. "हात काढा. अप्पांच्या मानेला कुणी हात लावू नका," मी ओरडले. आयुष्यात कधी एवढ्या जोरात ओरडले नसेन. काका दुखावले, आई रागावली. आपण उगाच तमाशा तर करत नाही ना, ही भीती होतीच.

थोडं पुढे जाऊन रेंज मिळाली, ॲम्ब्युलन्सला फोन लागला. त्यांनी सांगितलं, पेशंटला हलवू नका, डोकं स्थिर धरून ठेवा. सलीमभाई म्हणाले, "ताई, मी धरतो." अप्पांच्या मागे गुडघ्यांवर बसून त्यांनी दोन्ही तळव्यांत डोकं धरलं. त्यांच्याच कपाळावरचं रक्त गालावर आलं, पण पुसायला त्यांनी हात सोडला नाही.

मी समोर बसून अप्पांची बोटं बघत होते. हलवा म्हटलं की दोन हलायची, बाकीची नाही. ॲम्ब्युलन्स येईपर्यंत तीही थांबली तर... एवढा एकच विचार डोक्यात.

हॉस्पिटलमध्ये स्कॅन झाला. मानेच्या मणक्याला तडा. डॉक्टर म्हणाले, नस दबली आहे, सूज उतरली की हात हळूहळू सुधारेल. पण तिथे झटका दिला असता तर कदाचित हातपाय कायमचे गेले असते. त्या काकांना मान बघायला सांगणारी आई ते ऐकून अप्पांच्या उशाशी जाऊन बसली.

संध्याकाळी गळ्यात पट्टा लावून पडलेल्या अप्पांवर मी चिडले. एवढं होत होतं तर फांद्या कशाला ओढत बसलात? ते छताकडे बघत म्हणाले, "उतरलो तेव्हाच हात बधिर होता गं. बसलो असतो तर भ्यालो असतो. म्हणून फिरत राहिलो."

मागून गाडी ठोकली तर काय करायचं, असं बऱ्याच जणांनी मेसेज करून विचारलंय. फोटो काढा, नंबर घ्या, सगळं करा. पण आधी माणसांना एका जागी बसवा, आणि जो सगळ्यात जास्त धावपळ करतोय त्याच्याकडे नीट बघा. मागे बसलात तरी बेल्ट लावा. आणि कितीही गुणाचा हात असू दे, मान कुणाच्या हातात देऊ नका.

चूक सलीमभाईंची होती, ते स्वतः कबूल करतात. तरी ॲम्ब्युलन्स येईपर्यंत ते जसे बसून राहिले, त्यासाठी मी त्यांची कायम ऋणी आहे.

आता रोज सकाळी मी माझं मनगट अप्पांच्या उजव्या हातात देते आणि दाबा म्हणते. कधी बोटं नुसती टेकतात, आणि मग दिवसभर माझा जीव थाऱ्यावर नसतो. आज त्यांनी दाबलं तेव्हा बांगडी रुतली... चांगलंच दुखलं. मी हात सोडवून घेतला नाही.