ओटीबरोबर गेलेली बोटुकली

गावतलावाच्या सांडव्यावरची जाळी मी उचलायला लावली आणि आमच्या बचत गटाचे मासे ओढ्याला लावून दिले. तेव्हा मी पंचेचाळिशीची होते, म्हणजे पोरवयातली चूक म्हणून खपवायचीही सोय नाही.

दोन हजार सालानंतरची ही गोष्ट. हिंगोली जिल्ह्यात, डोंगरकड्याच्या बाजूला आमचं गाव. तलाव आजवर पुरुषांच्या हातात, आणि त्यांनी त्यात म्हशी धुण्यापलीकडे काही केलं नव्हतं. आम्ही बायकांनी तो एका सालासाठी मागून घेतला. मासे निघाले तर तलाव पुढेही आमचा, नाही तर पुन्हा म्हशींचा, असं ग्रामसभेत ठरलं. गटाची अध्यक्ष मी. आमचं घर देवीच्या पूजेचं, मासळीचा वासही उंबऱ्याच्या आत येत नाही. पण मला भाषण करता यायचं, आणि भाषण करणारीला सगळंच कळतं असं लोक धरून चालतात. त्यांच्यापेक्षा मी जास्त धरून चालले होते.

खजिनदार होती तांड्यावरची एक बाई. दर दिवाळीनंतर ती नवऱ्याबरोबर ऊसतोडीला जायची. तलाव हाती राहिला तर पुढच्या साली कोयता घरीच ठेवीन, असं ती सगळ्यांना सांगत फिरायची.

हिंगोलीला आमचं प्रशिक्षण झालं. बोटुकली, म्हणजे बोटाएवढी माशांची पिल्लं, तलावात कशी सोडायची, जादा पाणी जातं त्या सांडव्याला जाळी का लावायची, ते मत्स्य खात्याच्या साहेबांनी समजावलं. त्यातलं माझ्या डोक्यात काही राहिलं नाही. राहिली ती जेवणानंतर त्यांनी सांगितलेली गंमत. थंड मुलखात सॅल्मन नावाचा मासा असतो म्हणे. नदीच्या वरच्या अंगाला जन्मतो, लहान असतानाच प्रवाहाबरोबर खाली समुद्रात जातो, आणि मोठा झाला की जन्मल्या जागी परत चढून येतो. परतीच्या एसटीत मी ते सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. "बघा, माशालासुद्धा माहेर असतं," असं म्हणून डोळेही पुसले. मला तेव्हा कशानेही रडू यायचं.

रोहूची बोटुकली सोडली. भादव्यात तलाव भरून सांडला, आणि गावाने जलपूजन केलं. मी तलावाची ओटी भरली. खण, नारळ, तांदूळ पाण्यावर सोडले. ते तरंगत गेले आणि सांडव्याच्या जाळीला अडकले. हिरवा खण तिथेच फडफडायला लागला. एक म्हातारी पुटपुटली, "अडकली गं बाई ओटी." झालं, माझ्या अंगात अध्यक्षपण संचारलं.

"जाळी उचला," मी म्हणाले.

"काहून, काकू?" खजिनदार म्हणाली. "मी हातानं काढून पलीकडं टाकते की."

"दिलेल्या ओटीला परत हात लावतात का?"

"अन् मासे?"

"गेले तर येतील परत. लेकी सासरी जातात, पंचमीला येतात की न्हाई?"

तिने पूजा सांगणाऱ्या माझ्या नवऱ्याकडे पाहिलं. त्यांनी डोळे मिटून मंत्राचा आवाज वाढवला. मी बोलायला लागले की डोळे मिटायची त्यांची सवय जुनी.

जाळी उचलली. ओटी गेली. तिच्या मागोमाग पाण्यातून चांदीच्या जरीची किनार सरकत गेली. "बघा, देवी प्रसन्न झाली," मी म्हणाले. एकेक तांदूळ सुखरूप जावा म्हणून पाण्याचा जोर ओसरेपर्यंत मी जाळी खाली टाकू दिली नाही. ती चांदी म्हणजे आमची बोटुकली होती, हे लहान लेकरालाही कळलं असतं. पण तिथे अध्यक्ष मी होते.

पुढे कितीतरी दिवस मी सांडव्यावर जाऊन ओढ्याकडे बघत बसायची. ओढा तोवर आटून नुसते दगड राहिले होते. आमच्या रोहूंना माहेरी यायचं तर चपला घालून यावं लागलं असतं.

हिवाळ्यात जाळं टाकलं तेव्हा पुरुषमंडळी पान खात काठावर बसली होती. जाळ्यात गाळ, झिंगे, दोन-चार मरळ आणि कुणाची तरी चप्पल आली. तलाव म्हशींना परत मिळाला. पुढच्या दिवाळीनंतर खजिनदार कोयता घेऊन ट्रकमध्ये चढली. मला शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. ती नुसती "येते काकू" म्हणाली.

त्याच हंगामात आखाडा बाळापूरच्या बाजारात मी मेथी घेत होते. मेथीवाली ओढ्याच्या खालच्या अंगाच्या गावची निघाली. माझं माहेरावरचं भाषण माशांच्या पाठोपाठ तिच्या गावापर्यंत पोचलं होतं. माझ्या गावाचं नाव ऐकून तिने मला नीट न्याहाळलं, जुडी पिशवीत टाकली आणि म्हणाली, "काकू, जिवाला लावून घेऊ नका. तुमच्या लेकी आमच्याकडं लई सुखात नांदल्या. कुणी तेलाला कमी पडू दिलं न्हाई."