रश्शाचा दावा

समोरच्या दारात सायकली किती लागल्यात, हे बघितल्याशिवाय माझ्या हातून पातेलं चुलीवरून उतरत नसे. मग आमच्या दारातल्या सायकली बघायच्या आणि जळायचं. आज एवढं वय झालं, तरी ती जळजळ आठवली की तोंड कडू होतं.

आमची सावजी खानावळ आणि त्यांची सावजी खानावळ, मध्ये फक्त एक बोळ. दोन्ही घरांत आधी हातमाग होते. गिरणीच्या कापडापुढे आमची लुगडी खपेनात, तेव्हा माग मोडून माळ्यावर गेले आणि ओसरीवर गिऱ्हाइकांसाठी पाट मांडले गेले. नागपूर तेव्हा मध्य प्रांताची राजधानी होतं. सरकारी कचेऱ्यांतले कारकून, गिरणीतले कामगार, सगळे नाकाडोळ्यांतून पाणी काढायला आमच्याच बोळात येत. बोळात आल्यावर डावीकडे वळायचं की उजवीकडे, एवढाच काय तो प्रश्न असे. बहुतेक जण तिच्याकडे वळत.

ती म्हणजे समोरच्या खानावळवाल्याची बायको आणि आमच्या ह्यांची सख्खी मामेबहीण. आई लहानपणीच गेली म्हणून ती आत्याकडे, म्हणजे माझ्या सासूकडे वाढली. सासूच्याच पाट्यावर मसाला वाटायला शिकली. ती ह्यांचीच बायको होणार, असं सगळी पेठ धरून चालली होती. पुढे तिच्या बापाचं आणि माझ्या सासऱ्यांचं काहीतरी बिनसलं, ती समोरच्या घरात दिली गेली आणि उमरेडहून मी आले. सासूनं मलाही सगळं शिकवलं. जवसाच्या तेलात मसाला किती काळा होऊ द्यायचा, कशाच्या आधी काय वाटायचं, सगळं. पण माझा रस्सा चाखून सासू नुसतं "हं" म्हणायची. त्या "हं"वर मी संसार केला. सासू गेल्यावर मी मनाशी ठरवून टाकलं की आता या घरची चव म्हणजे माझाच हात.

आणि मग समोरच्यानं दारावर पाटी लावली, 'जुन्या घरची चव'.

आमचे हे त्या पाटीखाली उभे राहून तणतणले. घर आमचं, चव माझ्या मायची, आणि तिच्यावर धंदा यानं करायचा? हे बोलून मोकळे झाले असते, पण मी त्यांना थंड होऊ दिलं नाही. मला ती पाटी उतरलेली बघायची होती. त्याहून जास्त, चारचौघांत, कोर्टात, कोणीतरी मोठ्या माणसानं म्हणायला हवं होतं की त्या घरची चव माझ्या हातात आहे, तिच्या नाही. ह्यांनी धरमपेठेतला एक वकील गाठला आणि दावा लावला.

तारखांवर तारखा पडल्या. आमच्या वकिलानं जन्मात सावजी खाल्लं नव्हतं. तो रश्शाला 'सदर पदार्थ' म्हणे आणि शेताची हद्द सांगावी तशी त्याची चव सांगे. शेवटी जज्जसाहेब वैतागले आणि म्हणाले, दोघांचे रस्से इथे आणा, पण मटण नको. साहेब शाकाहारी होते. म्हणून पाटवडीचा रस्सा ठरला, बेसनाच्या वड्या आणि तोच आमचा काळा मसाला.

त्या दिवशी ती जांभळं लुगडं नेसून, केसांत अबोली माळून आली, लग्नाला निघाल्यासारखी. मी माझ्या लुगड्याकडे बघितलं आणि निम्मी तिथेच हरले.

पट्टेवाल्यानं दोन सारख्या वाट्या मांडल्या. कोणती कोणाची, हे कारकुनानं कागदावर टिपून झाकून ठेवलं. साहेबांनी पहिल्या वाटीतला एक चमचा तोंडात घातला. आधी त्यांचे कान लाल झाले, मग उचकी लागली, मग ठसका. दोन्हीकडचे वकील एकदमच पाण्याचा तांब्या घेऊन धावले आणि एकमेकांवर आदळले. दुसऱ्या वाटीला साहेबांनी हात लावला नाही. डोळे पुसत म्हणाले, कोर्टाला यातलं काही कळत नाही, वादीनं स्वतःच आपला रस्सा ओळखावा.

हे ऐटीत पुढे झाले. पहिली वाटी चाखून खाली ठेवली. दुसरी तोंडाला लावली आणि डोळे मिटले. माझ्या हातचं खाताना त्यांनी कधी डोळे मिटलेले मला आठवत नाही. ती वाटी त्यांनी पुरी संपवली.

"हाच आमचा, साहेब," ते म्हणाले. "माह्या मायच्या हातचा."

माझा रस्सा मी लांबूनच रंगावरून ओळखला होता. तो पहिल्या वाटीत होता.

कारकुनानं कागद वाचला आणि कोर्ट हसलं. साहेबही हसले आणि त्यांची उचकी परत सुरू झाली. समोरच्यालाही चाखायला सांगितलं, तर त्यानं आधी बायकोकडे बघितलं. तिनं हळूच मान हलवली, तसा तो म्हणाला की आज पोट बरं नाही. विचारून वागणारा नवराही तिलाच मिळाला होता. ज्याला स्वतःची चव ओळखू येत नाही त्यानं ती चोरीला गेल्याचं सांगू नये, असं म्हणून साहेबांनी दावा काढून टाकला. बाहेर पडताना तिनं माझा हात धरला. ती हसली असती तर बरं झालं असतं.

संध्याकाळी हे जेवायला बसले. सकाळचाच रस्सा मी वाढला. ते नेहमीसारखे भरभर जेवू लागले. मला राहवलं नाही.

"माह्या हातचा रस्सा तुम्हाले ओळखू नाही आला. काहून?"

त्यांनी मान वर केली नाही. "तुह्या हातचं तर रोजच खातो. रोजचं कोण ध्यानात ठेवते वं?"

त्यात मला काही लागेल असं त्यांना वाटलं नव्हतं, उलट समजूतच घालत होते. पण तोवर मला तिच्या हाताचा हेवा वाटत होता, तिच्या अबोलीचा वाटत होता. त्या संध्याकाळी पहिल्यांदा मला याचा हेवा वाटला की तिला ह्यांना रोज वाढावं लागत नाही.

त्यांनी ताट पुढे सरकवलं. मी आणखी रस्सा वाढला.