दोन निळ्या रेघा

प्रथिन तपासायच्या जेलवर एकच निळी रेघ यायला हवी होती. त्या दिवशी पुन्हा दोन आल्या. म्हणजे जिवाणूंकडून बनवून घेतलेलं माझं प्रथिन कुठेतरी तुटलं होतं. माझा संशय थेट प्रयोगशाळेतलं काचसामान धुणाऱ्या मंदाताईंवर गेला.

"काल फ्रीज उघडा राहिला होता का?"

"नाही हो मॅडम, मी हातसुद्धा लावला नाही."

मी मान हलवली, पण विश्वास काही ठेवला नाही.

संध्याकाळी सरांनी जेल उजेडात धरलं. "अगं, कात्री जिवाणूच्याच अंगावर असते. बाहेरच्या आवरणात बसलेलं ते एन्झाइम बाहेरून येणारी प्रथिनं कापतं. आतलं प्रथिन सुखरूप असतं. ते बाहेर काढायला तू जिवाणू फोडतेस, तेव्हाच ते त्याच्या तावडीत सापडतं."

फोडणारी मीच होते तर. त्या एन्झाइमला आपलं-परकं कळत असेल का? नसेलच, दाराशी बसायचं आणि समोर येईल त्याला कापायचं, एवढंच.

मंदाताईंना मी अजून काही सांगितलेलं नाही. त्या मात्र हल्ली रोज निघताना फ्रीजचं दार दोनदा ओढून दाखवतात.

"बघून घ्या हं, मॅडम."