तरवडाला पाणी

गारखेड्यात घर बांधलं तेव्हा अंगणात गुलाब लावायचे असं मी ठरवून टाकलं होतं. बायकोनं पाचोडकडच्या तिच्या माहेराहून, शेताच्या बांधावरून, पदराच्या टोकाला तरवडाच्या शेंगा बांधून आणल्या. मी वैतागलो. ज्याला शेळीसुद्धा तोंड लावत नाही ते माळरानावरचं झुडूप नव्याकोऱ्या घरापुढं लावायचं? लोक काय म्हणतील?

"म्हनू द्या," ती म्हणाली. "नवरात्रात घटाला रोज माळ लागती. ती काय तुमच्या गुलाबाची घालू?"

तिच्या माहेरी नऊ दिवस तरवडाच्या पिवळ्या फुलांचीच माळ घटावर चढायची. गुलाब पहिल्याच उन्हाळ्यात गेले. तरवड माझ्या खांद्याला लागला.

फुलांवर सकाळपासून काळे भुंगे घुमायचे. एकदा हिरव्या अळ्यांनी पाला फस्त करायला घेतला, तशी मी फवारणीचा पंप आणला. तिनं तो हातातून हिसकावला. "अळ्या हायेत म्हनून पिवळी फुलपाखरं हायेत. खाऊ द्या त्यायला. झाड काय मरत नाय."

खरंच मेलं नाही. पंधरा दिवसांत पुन्हा पालवी. खाली सातभाई पाखरांची टोळी अळ्या टिपत कचाकचा भांडायची. त्यांच्यासाठी ती मातीच्या पसरट परळात पाणी भरून ठेवी, झाडाला मात्र थेंब देत नसे. "पाणी घातलं की मुळं सडत्यात त्याची," ती सांगायची. मी म्हणायचो, तुझ्या माहेरचा हा एकच पाहुणा बिनखर्चाचा निघाला. त्यावर ती मनापासून हसायची.

शेवटी दवाखान्यात तिला बोलताना धाप लागत होती. तरीही म्हणाली, "झाडाकडं बघा. काय करू नका, नुस्तं बघा."

श्रावणात ती गेली. घरात दुःख, म्हणून त्या वर्षी घट बसले नाहीत. तरवड मात्र कधी नव्हे इतका फुलला. नऊ दिवसांत कुणी एक फूल तोडलं नाही. मी पायरीवर बसून बघत होतो आणि लहान पोरासारखा रडत होतो.

उन्हाळा आला. पुढच्या नवरात्रात घट बसणार होते, माळ तिच्याच झाडाची हवी होती. आमच्याकडं नळाला आठवड्यातून एकदा कसंबसं पाणी येतं. मी अंघोळ तांब्याभर पाण्यात उरकायला लागलो आणि उरलेली बादली रोज तरवडाच्या बुडाशी ओतू लागलो. तिचं सांगणं विसरलो होतो असं नाही. पण दारात आलेल्याला आधी पाणी विचारणारी आम्ही माणसं. एवढ्या उन्हात तिचं झाड कोरडं ठेवायला माझा हात धजेना. पानं पिवळी पडली. मला वाटलं, तहानलंय. मी दुसरी बादली सुरू केली.

पावसाळ्यात सगळा पाला गळाला. एक दिवस मी खोडाला नुसता हात लावला आणि झुडूप कलंडलं. मुळं काळी पडली होती, त्यांना कुजका वास येत होता. शेंगा तरी शोधाव्या म्हटलं, तर त्या वर्षश्राद्धाला पाहुणे येणार म्हणून अंगण लख्ख करताना मीच कचऱ्यात टाकल्या होत्या.

घटस्थापनेला सून सुई-दोरा आणि ताट घेऊन ओट्यावर आली. तरवडाच्या रिकाम्या आळ्याकडं बघून थबकली. मग हळूच म्हणाली, "असू द्या बाबा, झेंडू आणू. झाड जुनंच झालं होतं."

"जुनं नव्हतं," मी म्हणालो. "मी मारलं."

त्या सकाळी दोन पिवळी फुलपाखरं आली. झाड होतं तेवढ्याच उंचीवर घिरट्या घालत राहिली, मग भिंतीपलीकडं गेली. मी हात बांधून पायरीवर बसून होतो. जाताना तिनं मला एवढंच करायला सांगितलं होतं.