सतरा नंबरची प्रत

ऑफिसात तिला सगळे भिंगबाई म्हणत. वीस वर्षं ती छापखान्यात प्रुफं तपासायची. छापखाना बंद पडला तेव्हा चाळिशी उलटली होती, तरी हट्टानं कंप्युटर शिकली आणि एका छोट्या चित्रपट कंपनीत लागली. चित्रपट लागण्याआधी ज्यांना बघायला पाठवायचा, त्या प्रत्येकाच्या प्रतीत छुपी खूण घालायची, हे तिचं काम. ठरावीक दृश्यांत उजेड केसभर कमी-जास्त करायचा. बघणाऱ्याला पत्ताही लागत नसे, पण कुणी चोरून इंटरनेटवर टाकलाच, तर प्रत कुणाची ते खुणेवरून कळे. ती खूण वाचणं कंपनीत फक्त तिलाच जमायचं.

एका सोमवारी, नवा चित्रपट लागायला आठ दिवस असताना, तो एका फुकट्या साइटवर झळकला. त्याची दिग्दर्शिका मालकांच्या खोलीत येऊन बसली. त्या चित्रपटापायी तीन वर्षं तिनं घर म्हणून बघितलं नव्हतं.

"संध्याकाळपर्यंत नाव सांगा," मालक म्हणाले.

भिंगबाईनं दार लोटून घेतलं आणि एकेक दृश्य थांबवून खुणा जुळवल्या. सतरा नंबर. पुन्हा पहिल्यापासून जुळवल्या. सतराच. ती प्रत तिची स्वतःची होती, तपासायला घरी नेलेली.

तिनं नवऱ्याला फोन लावला. तो आधी चाचरला, मग हळूच म्हणाला, "अगं, माझा दोस्त पाय मोडून पडलाय ना, त्याला करमेना म्हणून पेनड्राइव्हवर दिला. फक्त त्याला. त्याच्या मेव्हण्यानं उचलला असेल."

"मला विचारलं का नाहीस?"

"तू नाही म्हणाली असतीस."

प्रती पाठवलेल्यांच्या यादीत पंचवीस जण होते. दुसरा कुठलाही आकडा सांगितला असता तरी कुणी ताडून बघणार नव्हतं. ती उठली आणि तडक मालकांसमोर जाऊन उभी राहिली.

"प्रत माझी आहे. माझ्या घरातून गेली."

"हे आम्हाला कधी कळलंच नसतं," मालक म्हणाले.

"मला कळलं होतं ना." तिनं पेनड्राइव्हची सगळी हकीकत सांगितली.

"कुणाला तरी करमत नव्हतं म्हणून?" दिग्दर्शिकेनं विचारलं. भिंगबाईनं चित्रपट इंटरनेटवरून हटवायला फक्त तीन दिवस मागून घेतले.

त्या तीन दिवसांत तिनं जेवणसुद्धा टेबलावरच उरकलं. चित्रपट जिथं जिथं दिसला, त्या प्रत्येक साइटला तो काढून टाका म्हणून पत्र, उत्तर आलं नाही तर पुन्हा पत्र. नवऱ्यानं दोस्ताच्या मेव्हण्याच्या घरी ठाण मांडून त्याच्याकडून पहिली फाइल काढून घेतली. दीडशेपैकी एकशे चाळीस ठिकाणं बंद झाली. दहा काही केल्या हटली नाहीत. चित्रपट ठरल्या दिवशी लागला आणि बऱ्यापैकी चालला.

तपासायची प्रत ऑफिसबाहेर न्यायची नाही, हा नियम तिनंच लिहून भिंतीवर लावला. पुढच्या चित्रपटाला दिग्दर्शिकेनं एकच अट घातली: खुणा याच बाई घालतील.

नवऱ्याशी मात्र पुढे पंधरा दिवस ती कामापुरतंच बोलत होती.