स्लाइडवरचं गाव

बाबांना लकव्याचा झटका आला, त्याच वर्षी शाळेनं आम्हा शिक्षकांना स्लाइडवर शिकवायला सांगितलं. प्रताप नगरातल्या घरी दुपारी जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप मांडून मी सहावीचा भूगोल करत बसायचे. वाकडी रेष म्हणजे नदी, त्रिकोण म्हणजे डोंगर. याहून जास्त काही मला जमत नव्हतं.

बाबा शेजारी बसायचे. उजवा हात निकामी, बोलणं दोन-तीन शब्दांवर आलेलं. सरकारी नोकरीत जन्मभर त्यांनी जमिनी मोजल्या, नकाशे काढले. एके दिवशी त्यांनी डाव्या हातानं माउस स्वतःकडे ओढला.

"बाबा, इथून रेष निवडा. बटन दाबून धरा आणि ओढा."

रेष थरथरत तिरकी गेली. मी शिफ्टचं बटन दाबून धरलं, तशी ती ताठ झाली. बाबा तिच्याकडे पाहतच राहिले.

मग रोजचंच झालं. मी शिफ्ट दाबायची, ते ओढायचे. माझ्याच फाइलच्या शेवटी एका कोऱ्या स्लाइडवर रस्त्यासारखी एक लांब रेष आली, तिच्या दोन्ही बाजूंनी घरांसारखे चौकोन आले, खाली नाल्यासारखी एक निळी रेष आली. डॉक्टरांनी हात हलता ठेवायला सांगितलं होतं, म्हणून मला तो व्यायामच वाटला. एक चौकोन मात्र त्यांनी पार कडेला, त्या निळ्या रेषेपलीकडे काढला आणि त्यात लाल रंग भरला.

ती स्लाइड काढून टाकायची राहून गेली. वर्गात प्रोजेक्टरवर धडा संपला, मी पुढचं बटन दाबलं आणि भिंतीवर बाबांनी काढलेलं गाव उमटलं. पहिल्या बाकावरची मुलगी म्हणाली, "मॅडम, ते लाल घर कोणाचं आहे?"

घरी येऊन मी बाबांना तेच विचारलं. त्यांचे ओठ हलले. "राह्यलं," ते म्हणाले. पुन्हा, "राह्यलं."

आईनं हातातली भाजी खाली ठेवली आणि बाबांकडे बोट केलं.

"धरणात बुडालं ना वं ते गाव. मोजणी यायनंच केली होती. नाल्यापलीकडं एक बाई एकटी राहे. मोजणीच्या दिवशी ते मजुरीले गेली होती, दाराले कडी होती. यायले वाटलं, घर रिकामं आहे. नकाशात घेतलंच नाही."

"मग?"

"नवीन गावात सगळ्यायले जागा भेटली, तिले नाही. इथं आली होती ते. फाटकापाशी उभी राह्यली. हे म्हणाले, बाई, कागद वर गेले, आता माझ्या हातात काही नाही. मी चहा दिला. तिनं घेतला नाही."

मी तेव्हा तीन वर्षांची होते. मला काहीच आठवत नाही.

पुढच्या रविवारी बाबांना गाडीत बसवून आम्ही त्या नव्या गावी गेलो. पारावर बसलेल्या एका म्हाताऱ्याला मी मोबाइलवर ती स्लाइड दाखवली. त्यानं बराच वेळ पाहिली. मग रेषेवरून बोट नेत एकेक घर सांगत गेला. आपल्या घरावर थांबून हसला. लाल चौकोनाशी आल्यावर मात्र बोट उचललं.

"हे काकूचं. पाणी दारात आलं तरी निघाली नाही. मंग एक दिवस गेलो, तर दार उघडं आन् घरात कोणीच नाही. खूप धुंडलं."

"कुठे गेल्या?"

"कोणालेच माहीत नाही."

गाडीची काच उघडी होती. बाबांनी सगळं ऐकलं. परतीच्या वाटेवर त्यांनी एकदाही डोळे मिटले नाहीत.

दुसऱ्या दिवशी मला वाटलं, आता ते लॅपटॉपला हात लावणार नाहीत. पण दुपारी ते टेबलाशी येऊन बसले. त्यांनी लाल चौकोनापासून एक रेष ओढायला घेतली. मी शिफ्टवर बोट ठेवायला गेले, तर त्यांनी माझा हात बाजूला सारला. ती रेष थरथरत, अडखळत स्लाइडच्या कडेपर्यंत गेली आणि कड ओलांडून बाहेरच्या राखाडी पट्टीतही सरकत राहिली.

"बाबा, तिथलं भिंतीवर दिसत नाही," मी म्हटलं.

माहीत आहे, अशी त्यांनी मान डोलावली. माउस सोडला नाही.